मायले सांगाले

आपल्या चपलांना आवाज आहे हे रूपरावांना कळलं, तेव्हा त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. वर्ध्याच्या बजाज चौकात ते ऑटोतून उतरले होते, बाजाराच्या रस्त्याला लागले होते, आणि कुणीतरी अगदी पाठीला लागून चालत होतं. फटक, फटक. ते थांबले की तोही थांबे, ते निघाले की तोही निघे. मागे कुणी नव्हतं. एक गाय पुठ्ठा चघळत उभी होती, एवढंच. मग त्यांनी एक पाऊल मुद्दाम हळू टाकलं, आवाज हळू आला. जोरात टाकलं, जोरात आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भांड्यांच्या दुकानाचा मालक, भर दुपारी रस्त्यात उभा राहून पाय आपटून पाहतो आहे, हे पानठेल्यावरच्या लोकांनी पाहिलं असणारच. रूपरावांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना एवढंच वाटलं की इतकी वर्षं आपण चालत होतो तेव्हाही हा आवाज होताच. आपल्याच पायांतून निघत होता, रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू येत होता, फक्त आपल्याला नाही. आणि असं आणखी काय काय चालू असेल? या विचाराने त्यांच्या मानेवर काटा आला, आणि तो काटा घेऊनच ते घराकडे चालू लागले, आपल्याच सोबतीला बिचकत.

दोन्ही कानांमागे तासाभरापूर्वीच ऐकण्याची मशीन बसली होती. सावंगीच्या दवाखान्यात कान तपासणारी आकांक्षा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने ती बसवून बटण फिरवलं आणि म्हणाली, "काका, सुरुवातीला सगळंच मोठं वाटेल. आवाज ओळखायला वेळ लागतो. घाबरू नका हं." तिचं ते 'हं' त्यांना ऐकू आलं होतं. शब्दाच्या मागे असं लहानसं शेपूट असतं हे ते विसरूनच गेले होते. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी बाळ दूध पीत होतं, त्याचा चुटूचुटू आवाज. कागद उलटल्याचा आवाज. स्वतःच्या दाढीवरून हात फिरवल्याचा आवाज. रूपरावांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला होता. आवाज एकदम गेला असता तर माणसाने काही दुःख तरी केलं असतं. त्यांचा तसा गेला नव्हता. बाप तांबट, त्याच्या हातोड्याच्या शेजारी बसून रूपराव मोठे झाले, तांब्याच्या पत्र्यावर पडणारा प्रत्येक घाव आधी त्यांच्या कानांवर पडला. पुढे बापाचं काम बंद झालं, स्टीलचं दुकान आलं, आणि मग केव्हातरी, धीरज कॉलेजात गेला त्या सुमारास, पाखरं गेली. त्यानंतर शब्दांची टोकं गेली. मग बायकांचे बारीक आवाज गेले. प्रत्येक वेळी ते स्वतःला म्हणत, आजकाल लोक नीट बोलतच नाहीत. गिऱ्हाइकांचं काम ओठ बघून, बोटं बघून भागत असे. ज्याला काही ऐकू येत नाही त्याने मान हलवावी, जग पुढे जातं, ही युक्ती त्यांना कुणी शिकवावी लागली नव्हती.

आणि घर गप्प झालं होतं. लग्न होऊन आली तेव्हा देवकाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणारी बाई होती. आर्वीकडच्या एका खेड्यातली, सात भावंडांतली. चूल पेटवतानाही कुणाला तरी काही सांगत असे, कुणी नसलं तर चुलीला. रूपरावांना तिचा तो अखंड आवाज पहिली काही वर्षं नकोसा व्हायचा आणि मग त्याच्याशिवाय करमायचं नाही. तो आवाज हळूहळू कमी होत गेला. जेवायला बसलं की ताट समोर येई, पाणी समोर येई, तिचं तोंड बंद. कधी ते अचानक आत गेले तर तिचे ओठ हलताना दिसत. त्यांना वाटे, जप करते आहे. बिचारी, देवाला लागली. रूपरावांनी स्वतःशी याचा अर्थ लावला होता आणि तो अर्थ इतकी वर्षं छातीत बाळगला होता: हे घर, खाली दुकान आणि वर दोन खोल्या, हा स्टीलचा खणखणाट, हा आपला घुमा स्वभाव, या सगळ्याने त्या बाईला आतून वाळवलं. ती विहीर आटली, आणि आटवली आपण. म्हणून धीरजने पुण्याहून फोन करून सांगितलं, बाबा, आता पुरे, दुकान विका आणि इकडे या, आईला जरा मोकळं वाटेल, तेव्हा त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. शेजारच्या कापडवाल्या मधुकररावांना जागा हवीच होती. शुक्रवारी इसार घ्यायचा ठरलं होतं. आयुष्यभर त्यांची अशीच समजूत होती की एकदा अमुक झालं की बरं वाटेल: एकदा वरच्या खोल्या बांधल्या की, एकदा धीरजचं शिक्षण झालं की, एकदा त्याचं लग्न झालं की. सगळं होत गेलं. बरं वाटणं तेवढं दर वेळी पुढच्या स्टेशनावर जाऊन उभं राही. आता पुणं होतं. पुण्याच्या रस्त्यांवर कान पाहिजेत, असं धीरज म्हणाला म्हणून ते सावंगीला गेले होते. देवकाबाईला सांगितलं होतं, कानातला मळ काढून येतो.

दुकानाच्या बाजूने न जाता ते मागच्या बोळातून आले, कारण भांड्यांच्या आवाजाला सामोरं जायचा धीर होईना. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर असताना वरून कुणीतरी बोलत असल्याचं त्यांना ऐकू आलं. बाईचा आवाज. हसरा, घाईचा, मध्येच गुणगुणणारा. शेजारची शोभाबाई आली असेल, असं वाटून ते थांबले. मग त्यांनी तो आवाज ओळखला. ओळखायला वेळ लागला, कारण तो थोडा जाड झाला होता, जसं माणसाचं अंग होतं वयाने; पण तोच होता, चुलीशी बोलणारा.

"माय, आज लय मजा झाली वं," देवकाबाई सांगत होत्या. "दूधवाला आला त मांजर त्याच्या पायात. असा नाचला थो, असा नाचला! पन थेंब नाई सांडू देल्ला. अन् शोभाबाईनं मेथी देल्ली, वावरातली. कवळी हाय, तुह्या परसात राहे तशी." मग थोडा वेळ नुसतं गुणगुणणं, कशाचंच गाणं नसलेलं. पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज. "अन् धीरजच्या बाबाचं म्हनशीन त काल दोनदा वरन घेतलं. बोल्ले नाई काही, पन घेतलं. सकाळी उनात बसले होते गच्चीवर, डोये मिटून. लेकरावानी दिसत होते, माय. मी पाहूनच राह्यली. चहा थंडा झाला माहा."

रूपराव जिन्यावर बसले. देवकाबाईंची माय वारली तेव्हा धीरज शाळेत होता. तिच्या तेराव्याला ते स्वतः गेले होते. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं ते वाईटच आलं, की बाई एकटेपणाने वेडी झाली. पण वेड असं असतं का? त्या आवाजात कुठे चीर नव्हती. त्यात भरलेल्या घागरीसारखं काहीतरी होतं, जपून न नेलेलं, डुचमळून सांडणारं. लहानपणी ते बापाच्या भट्टीशी बसत. तांबं आधी काळं पडे, मग मंद लाल होई, आणि मग एक क्षण असा येई की ते आगीचा उजेड घेणं सोडून स्वतःच उजेड देऊ लागे. बाप हात वर करून म्हणे, आता बोलू नको. आजूबाजूची माणसं, भिंती, बापाची हाडकुळी छाती, सगळं त्या उजेडात वेगळंच दिसे. जिन्यावर बसलेल्या रूपरावांना तसंच झालं. वरच्या त्या दोन खोल्या, ज्यांना ते मनातल्या मनात आटलेली विहीर म्हणत आले, त्यांच्यात ही बाई रोज, त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या समोरसुद्धा, असा उजेड लावून बसली होती. आणि त्या उजेडात ते स्वतः होते. वरण दोनदा घेणारे, उन्हात बसणारे. त्यांनी स्वतःविषयी असं कधी ऐकलं नव्हतं. घरातली शांतता घरात नव्हतीच. ती त्यांच्या कानांत होती, आणि ती त्यांनी बायकोच्या नावावर चढवली होती.

त्यांनी खाकरून वर जावं तर आवाज थांबेल, न जावं तर चोरासारखं ऐकत बसल्यासारखं होईल. शेवटी ते गेलेच. देवकाबाईंनी कानामागचं मशीन पाहिलं. जवळ येऊन बोट लावून पाहिलं.

"येते आयकू?"

"येते."

"समदं?"

"समदं," रूपराव म्हणाले, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन मागे गेलेलं त्यांनी पाहिलं.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. जगाने त्यांच्यावर एकदम धावून यावं तसं झालं. पंख्याला कुरकुर होती, नळाला दम लागत होता, खाली दुकानात कुणी चमचा पाडला तरी ते हातातलं टाकून उभे राहत. एक नवरी आईबरोबर पाणी भरायचा पितळी गुंड बघायला आली, तिने त्यावर नखाने टिचकी मारली आणि तो नाद इतका लांबवर टिकला की रूपराव भाव सांगायचा विसरले; पोरगी त्यांच्याकडे बघून हसली. सकाळी गच्चीवर पाखरं परत आली होती, किंवा ती कधी गेलीच नव्हती. सगळं होतं. नव्हता फक्त देवकाबाईंचा आवाज. आता ती खरोखरच गप्प झाली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचे, पाण्याचे, बांगड्यांचे आवाज येत, माणसाचा येत नसे. रूपराव दारामागे उभे राहून कान देत. ते बहिरे होते तोवर ती मोकळी होती. ज्या दिवशी त्यांना ऐकू आलं त्या दिवशी त्यांनी तिचं बोलणं मिटवून टाकलं. आणि शुक्रवार तर उद्यावर आला होता.

दुपारी देवकाबाई सुपात तांदूळ घेऊन उंबऱ्याजवळ बसल्या होत्या. रूपराव दुकान नोकरावर टाकून वर आले आणि समोर जमिनीवरच बसले.

"धीरजची माय, तू बोलत काऊन नाईस?"

"कोनासंग?"

"मायसंग."

सूप थांबलं. देवकाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडतात की हसतात हे रूपरावांना कळेना. मग ऐकू आलं, हसत होत्या.

"आयकलं तुमी! मले वाटलंच होतं. लाज वाटते नं आता. म्हनशान, म्हातारी पागल झाली."

"मी काई नाई म्हनत. पन मले सांग. कधीपासून?"

देवकाबाईंनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग बोलल्या ते त्यांच्याकडे न बघता, सुपाशी बोलल्यासारखं. "लग्न झालं तेव्हा मी माहेरी जावो, त माय इचारे, कशी हायेस? सहा पोरीबाळी तिच्या जिवाले, बाप तसा. तिले काय रडगानं सांगावं? मी म्हनो, चांगली हावो. ती म्हने, चांगली म्हंजे कशी, सांग. मंग मी खोटंच सांगो. सासू लाड करते, इकडून लुगडं आनलं, असंच काहीबाही. माय खूश होये. पन खोटं किती दिवस पुरते हो? डोकंच चालेना. म्हून मंग मी खरं शोधाले लागली. इथून जातानी काही त न्यावं लागे सांगाले. म्हून दिवसभर पाहो, आज काय हाय मायले सांगासारखं? पयले काहीच दिसे नाई. मंग एखांदं दिसे. भाकर फुगली. धीरजले दात आला. मंग येवढं दिसाले लागलं का माहेरी जाईपर्यंत ध्यानात राहे नाई. माय गेली, पन सवय गेली नाई. अन् तुमाले सांगो म्हटलं त," त्या थांबल्या, "तुमाले आयकू येनं बंद झालं होतं. मेथी कवळी हाय हे वरडून कसं सांगावं? वरडून सांगितलं का भांडनच वाटते."

बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजून गेली. रूपरावांना वाटलं, आपण आयुष्यभर सुखाला स्टेशनावर शोधत राहिलो आणि ही बाई आईशी खोटं बोलता बोलता त्याच्यापर्यंत पोहोचली. त्यांना तिचा हेवा वाटला; मग भीती वाटली; आणि मग त्या दोन्हींच्या वर काहीतरी चढत गेलं ज्याला त्यांच्याकडे शब्दच नव्हता. ही बाई त्यांच्या ताटात वाढत होती. ही बाई त्यांच्या शेजारी झोपत होती.

"पुन्यात पन सापडन तुले असं काही," ते कसंबसं म्हणाले. "मोकळं वाटन."

देवकाबाईंनी मान वर केली. "मले कुठी जायाचं हाय पुन्याले?"

"म्हंजे?"

"मी त सांगितलं तुमाले. धीरजचा फोन आला त्याच दिवशी सांगितलं, मले इथंच राहाचं हाय. जेवतानी सांगितलं, मंग गच्चीवर सांगितलं. तुमी मान हालवली. मले वाटलं, आयकलं, अन् तरी जाऊच म्हनतेत. मंग मी म्हटलं, जाऊ द्या. तुमचा जीव तिकडं लागला असन."

रूपरावांनी उंबरा धरला. त्या मान हलवण्याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती. अशा किती माना हलवल्या असतील! धीरज कधी काय म्हणाला असेल, मरताना बाप काय म्हणाला असेल, आणि आपण समजूतदारपणे, शहाण्यासारखी, मान हलवली असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "अवो, आता आलं नं आयकू," त्या म्हणाल्या, इतक्या हळू, की मशीन नसती तर ते फक्त ओठ हलणं असतं.

दुकान विकायचं नाही असं रूपरावांनी सांगितलं, ते मधुकररावांनी फार मनाला लावून घेतलं. "शब्दाले काही किंमत असते रूपराव," ते म्हणाले, आणि ते ऐकू आलं म्हणून रूपरावांना ते पूर्ण सोसावं लागलं. पूर्वीसारखं अर्धं हवेत गेलं नाही. मधुकररावांनी त्यानंतर नमस्कार करणं सोडलं. धीरजला संध्याकाळी फोन लावला, तर तो आधी चिडला, मग गप्प झाला. त्या गप्प राहण्यातही रूपरावांना त्याचा श्वास ऐकू येत होता. पोराचा आवाज केव्हा इतका भरदार झाला? त्यांच्या कानांत तो अजून कॉलेजातलाच होता. "बाबा," धीरज शेवटी म्हणाला, "आज तुम्ही मध्येच 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला नाही." रूपराव म्हणाले, "नाई. बोल तू. मी हावो." आणि तो बोलत राहिला, बायकोचं, ऑफिसातलं, आपल्याला वर्ध्याची आठवण येते तेव्हा काय होतं त्याचं. यातलं काही त्याने आधीही सांगितलं असेल काय, हे विचारायचा धीर रूपरावांना झाला नाही.

देवकाबाईंचा आवाज लगेच परत आला नाही. तो चोरपावलांनी आला. आधी गुणगुणणं, तेही रूपराव जिन्यावर दिसले की बंद. मग एके सकाळी, पोळी लाटताना, त्यांच्याकडे पाठ करून, "पाहा वं माय, कशी फुगली." रूपरावांनी वर्तमानपत्रातून वर बघितलं नाही. ते श्वास धरून बसले, जसं पाखरू खिडकीत आलं की माणूस बसतो. आपणही असं काही शोधून पाहावं म्हणून त्यांनी प्रयत्न केला, तर त्यांना जमलं नाही. दिवसाच्या शेवटी त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीच जमा होत नसे, फार तर एखादा आवाज. पण त्याचं त्यांना पूर्वीसारखं वाईट वाटेना. ते कुणाच्या तरी फार मोठ्या घरात पाहुणे म्हणून राहायला आल्यासारखे वावरत होते, आणि ते घर त्यांचंच होतं.

फाल्गुनात एका रविवारी दुकान बंद ठेवून दोघं पवनारला गेले. जायचं काही कारण नव्हतं. रस्त्याच्या कडेला पळस फुलला होता. धाम नदीचं पाणी खडकांमधून वाट काढत होतं, एका जागी बारीक, एका जागी घुमून. रूपराव एका खडकावरून दुसऱ्यावर जात आणि प्रत्येक ठिकाणी पाणी वेगळं ऐकू येतं हे बघून परत पहिल्या खडकावर जात. काठाला बायका कपडे धूत होत्या. देवकाबाई पदर खोचून उभ्या होत्या, काळ्या खडकाआडच्या डोहाकडे बघत.

"पोहता येते मले," त्या म्हणाल्या. "मालूम हाय काय तुमाले?"

रूपरावांनी मान हलवली नाही. "नाई," ते म्हणाले. "मले नाई मालूम."

"गावाले नदीच होती नं. पोट्ट्याइच्या पुढं जावो मी."

आणि त्या पाण्यात उतरल्या. पावलं, पोटऱ्या, कंबर. लुगडं फुग्यासारखं वर आलं, त्यांनी ते हाताने दाबलं, आणि मग बावन्न वर्षांच्या देवकाबाई एकदम आडव्या झाल्या आणि पाण्याने त्यांना उचलून धरलं. कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. रूपराव काठावर उभे होते. हातांची एक सावकाश हालचाल, पुन्हा एक. जसं काही काल संध्याकाळीच पाण्यातून बाहेर आली होती. लग्नाची एकतीस वर्षं ही बाई पोहणारी होती.

त्यांनी दोन्ही कानांमागची मशीन काढली, रुमालात बांधली, रुमाल सदऱ्यात गुंडाळला आणि सदरा कोरड्या खडकावर ठेवला. लगेच सगळं थांबलं. पाणी नुसतं चकाकत राहिलं. त्यांनी धोतर वर खोचलं आणि पहिला पाय पाण्यात टाकला. डोहाच्या मध्यावरून देवकाबाई वळल्या, ओला हात वर केला आणि काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले, दात दिसले, पाणी उडालं.

"आयकू नाई आलं!" रूपराव सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडले. "पुन्हा सांग!"

देवकाबाईंनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले. त्यामुळे त्या थोड्या बुडाल्या, वर आल्या, ठसकल्या, हसल्या, आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या. काठावरच्या बायकांनी माना वळवल्या, एकीने तोंडावर हात ठेवला. रूपरावांपर्यंत त्यातलं अगदी थोडं पोहोचलं, कुठूनतरी लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं: "या म्हनलं! आत या!"

खालचा दगड शेवाळलेला होता. रूपरावांनी दुसरा पाय टाकला.